पुसलेलं टिंब

आमच्या निवृत्तांच्या मंडळाच्या अंकासाठी संपादिकाबाईंनी फोन केला. "राऊतकाका, तुमच्या वेळच्या कॉम्प्युटरच्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हटलं, दोन गमती लिहिल्या आणि फाडून टाकल्या. त्या दिवसांचं नाव काढलं की मला पहिल्यांदा आठवतो तो माझा जळफळाट. तेव्हा तोच लिहितो. हसायचं असेल तर त्याला हसा.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशरचे, तापमानाचे काटे खरं बोलतायत की थापा मारतायत हे बघणारा माणूस. सालवडला भाड्याची खोली, एक सायकल आणि आठवड्याला बदलणारी पाळी. रोज ऑपरेटर लोकांच्या लॉगशीट माझ्याकडे यायच्या. एखादा आकडा खोटा वाटला की मी त्याच्यापुढे पेन्सिलने एक टिंब द्यायचो. आरडाओरडा नाही, मेमो नाही. ऑपरेटर टिंब बघायचा आणि मुकाट्याने जाऊन काटा पुन्हा वाचून यायचा. माझ्या टिंबाला सगळा प्लँट वचकून असे, आणि मला ते आवडायचं. हे टिंब लक्षात ठेवा.

तर एकदा मालक परदेशातून एक घरगुती कॉम्प्युटर घेऊन आले. घरच्यांना त्याचा कंटाळा आला, तसा तो कारखान्यात आला. आजच्या लोकांना सांगूनही पटणार नाही, अख्खा कॉम्प्युटर म्हणजे एक जाडसर कीबोर्ड. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा. आणि बंद केला की त्याच्या डोक्यातलं सगळं साफ! सकाळी लिहिलेलं दुपारी हवं असेल तर ते बाहेर कुठेतरी ठेवायला हवं. कुठे? तर कॅसेटवर. घरी गाणी ऐकतो तोच टेपरेकॉर्डर, तीच कॅसेट.

त्यात ठेवायचं काय, तर रेसिप्या. गिरणीवाला कापडाचा तुकडा पाठवायचा, असा रंग द्या म्हणून. आमच्या लॅबमधले दामूकाका तो तुकडा उत्तरेच्या खिडकीशी धरायचे, मान तिरकी करायचे आणि सांगायचे, हा रंग इतका, तो इतका, मीठ इतकं. बेटेगावचा माणूस, शाळा बेताची, पण डोळा असा की शिकलेले केमिस्ट तोंडात बोटं घालायचे. त्यांच्या रेसिप्यांच्या वह्यांवर रंगाचे डाग पडून आकडे बुजत चालले होते. त्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या ठरल्या आणि यंत्रांचा माणूस म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी पुस्तक वाचून शिकलो. कॅसेटवरून माहिती आत घेताना आधी एक सरळ शिट्टी ऐकू येते, मग खरखर सुरू होते. ती खरखर म्हणजेच आकडे. शिट्टी जरा जरी बसकी आली तरी समजायचं, हे काही आत शिरणार नाही. मग रेकॉर्डरच्या, टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा इवलासा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवायचा, शिट्टी खणखणीत होईपर्यंत. हे मी नुसत्या कानावर करायचो. आमचा एक बिहारी ऑपरेटर जाता-येता म्हणायचा, "राऊतसाब आज फिर मशीन को गाना सुना रहे हैं!" म्हणो बापडा. अख्ख्या वसाहतीत हे गाणं कळणारा माणूस मी एकटा होतो.

कॅसेटची खोड अशी की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालणार. नव्वदावी रेसिपी हवी तर आधीच्या एकोणनव्वद पुढे सरकवायला हव्यात. म्हणून मी एक रजिस्टर केलं होतं, कुठली रेसिपी कुठल्या कॅसेटवर आणि रेकॉर्डरच्या काउंटरवर कुठला आकडा असताना. ते रजिस्टर माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात. डिग्रीवाले केमिस्ट दारात उभे राहून विचारायचे, "राऊत, जरा वेळ आहे का?" वेळ असला तरी मी पाच मिनिटं थांबवायचो.

मग वैशाली आली.

पालघरजवळच्या माहीमची मुलगी, वडिलांची पानवेलींची वाडी. बी.एस्सी. झालेली, लॅब असिस्टंट म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर घेतली होती. काम पटलं तर कायम. माहीमहून एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर, आणि तरी आठच्या ठोक्याला हजर. धाकटी दोन भावंडं शिकत होती, वाडीवर त्या वर्षी रोग पडला होता, त्यामुळे ही नोकरी कायम होणं म्हणजे तिच्यासाठी सगळंच होतं. तसं तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी तिला कॉम्प्युटर शिकवायला लागलो. खोटं कशाला बोलू, हौसेने शिकवलं. तिच्या कागदांवर मी टिंबं द्यायचो, ती चुका शोधायची. "राऊतदादा, आज टिंब कुठेच नाही?" असं हसत विचारायची. तोवर सगळं गोड होतं.

बिघडलं ते फ्लॉपी ड्राइव्ह आल्यावर. मालकांनी मोठ्या हौसेने मागवला होता. चपटी तबकडी आत सारायची, टेपरेकॉर्डरची गरजच नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं की तो मीच चालवणार. मीही. आठ दिवस पुस्तकाशी झटलो आणि अख्खी फाइल ठेवणं, अख्खी फाइल उचलणं एवढं जमवलं. त्याच्यापुढे काही होत नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं.

वैशालीने त्या पुस्तकाची झेरॉक्स काढून घरी नेली. पंधरा दिवसांनी मला म्हणाली, "दादा, एक गंमत दाखवू?" टीव्हीवर फक्त एक प्रश्न आला, रेसिपी नंबर? तिने नव्वद टाइप केलं. ड्राइव्ह एकदा कुरकुरला आणि नव्वदावी रेसिपी पडद्यावर. एकोणनव्वद गेल्या कुठे? गाणं नाही, स्क्रू नाही, रजिस्टर नाही!

"हे कसं केलंस?" मी विचारलं.

"आमच्या वाडीत कसं, बाबांना पाचव्या ओळीतला तिसरा वेल हवा असला तर सगळी वाडी फिरत नाहीत. सरळ तिथेच जाऊन हात घालतात," ती म्हणाली. मग तिने वही उघडली. तबकडीवर गोल गोल वाटा असतात, प्रत्येक वाटेचे सारखे तुकडे. पहिल्या वाटेवर यादी, कुठली रेसिपी कुठल्या तुकड्यात आणि कुठले तुकडे रिकामे. पुस्तकातल्या तयार आज्ञांनी फक्त अख्खी फाइल हलवता येते. म्हणून तिने त्या आज्ञा बाजूला ठेवून ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रामलाच थेट हाक मारली होती, या वाटेवरचा हा तुकडा दे, हा घे. त्यासाठी मशीनच्या भाषेतले नुसते आकडे लागतात. ते तिने चौकटी आखून हाताने लिहिले होते, पानंच्या पानं, सुबक अक्षरात. आणि काम झटपट व्हावं म्हणून सुरुवातीलाच यादी एकदा वाचून कॉम्प्युटरच्या डोक्यात ठेवली होती.

दामूकाका शेजारीच उभे होते. म्हणाले, "पोरी, तू तं जादूगार हाय गं! आमी उगाच त्या शिट्ट्या ऐकत बसलो एवडे दिवस."

दोन वर्षं मी त्यांच्या रेसिप्या सांभाळल्या. मला कधी जादूगार म्हणाले नव्हते. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे कित्येक महिने थांबलं नाही.

काय काय केलं मी! समुद्राकाठच्या दमट हवेत फ्लॉपी टिकत नाही, असं ज्याला त्याला सांगितलं. कॅसेट वाजवताना आवाज मुद्दाम मोठा ठेवला. ती जेवायला गेली की मी तिची वही चाळायचो आणि काही कळलं नाही की जोरात मिटायचो. घरी जेवताना तिच्याबद्दलच बोलायचो. शेवटी बायको म्हणाली, "तिसऱ्यांदा नाव घेतलंत. कोण आहे ही वैशाली?" आता बायकोला काय सांगणार, की एका पोरीवर मी जळतो? त्यापेक्षा गप्प बसलो. मग ती चार दिवस फुगून बसली. म्हणजे घरातही जळफळाट आणि कारखान्यातही.

सहा महिने संपत आले तेव्हा आमचे मॅनेजर फडके साहेब म्हणाले, "राऊत, त्या मुलीचा प्रोग्राम एकदा नीट तपासून द्या. तुमचा शेरा आला की तिच्या कायमच्या कागदावर सही करतो." वैशालीने दोन्ही कडांना भोकं असलेल्या पातळ कागदावर सगळा प्रोग्राम छापून आणून दिला. म्हणाली, "दादा, टिंबं द्यायची असतील तेवढी द्या हं. मी सुधारते."

मी तो वाचला. इतक्या बारकाईने मी आयुष्यात काही वाचलं नसेल. शिकायला नाही, चूक काढायला. तीन दिवस ओळ न् ओळ पेन्सिल टेकवत गेलो, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली.

सांगतो. एक फ्लॉपी भरत आली होती म्हणून आता दोन झाल्या होत्या. एक लाल-पिवळ्या रंगांची, एक निळ्या-हिरव्यांची. वैशाली स्वतः फ्लॉपी बदलताना प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायची, तेव्हा तो नवी यादी वाचायचा. पण मध्येच कोणी नुसती फ्लॉपी बदलली तर? कॉम्प्युटरच्या डोक्यात यादी लालांची आणि ड्राइव्हमध्ये फ्लॉपी निळ्यांची. त्यात नवी रेसिपी ठेवली की ती लालांच्या यादीप्रमाणे रिकाम्या तुकड्यात जाणार, म्हणजे तिथे असलेल्या निळ्या रेसिपीच्या डोक्यावर. वर पुन्हा लालांची यादी निळ्यांच्या यादीवर लिहिली जाणार. एक ओळ हवी होती. लिहिण्याआधी यादी पुन्हा वाच, एवढीच.

हात सवयीने गेला आणि टिंब पडलं.

आधी आनंद झाला. सापडली की नाही! मग डोक्यात आलं, हे टिंब मी तिला दिलं तर काय होईल? ती पाच मिनिटांत ती ओळ घालेल, प्रोग्राम पक्का होईल आणि माझं रजिस्टर रद्दीत जाईल. मी रबर घेतलं आणि टिंब पुसलं. कागद पातळ, घासलेल्या जागी लव आली. वरच्या कोपऱ्यात लिहिलं, "पाहिले. ठीक." सही केली आणि तिच्या हातात दिला. ती केवढी खूश झाली! दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वाडीतली पानं घेऊन आली. ती मी खाल्लीसुद्धा.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. वैशाली फडके साहेबांकडे गेली होती. दामूकाकांना आता कॉम्प्युटरचा चांगलाच नाद लागला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, वही दिसत नव्हती, म्हणून नव्या रेसिप्या ते वहीत लिहीतच नसत. कीबोर्डवरची अक्षरं त्यांना पाठ झाली होती. त्या दुपारी त्यांनी पडद्याला नाक लावून एक लाल रेसिपी बघितली, मग फ्लॉपी काढली, निळ्यांची सारली आणि म्हणाले, "आता माजे चार निळे ठेवतो."

मी तिथेच होतो. रेकॉर्डरचं झाकण उघडून बसलो होतो. "काका, थांबा," एवढे दोन शब्द. तोंडाशी आले होते. म्हटलं, होऊन होऊन काय होईल? थोडा घोळ होईल, लोकांना कळेल. मी स्क्रू फिरवत राहिलो. दामूकाकांनी एकेक आकडा शोधत चारही रेसिप्या ठेवल्या आणि खुशीत उठले.

दुसऱ्या दिवशी एका गिरणीची गर्द निळ्याची मागणी आली. वैशालीने निळी फ्लॉपी घातली आणि पडद्यावर लालांची यादी आली. तिने फ्लॉपी काढून पाहिली, पुन्हा घातली. पुन्हा लाल. तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. दामूकाका विचारत होते, "काय झालं गं? माजा निळा कुठं हाय?"

फडके साहेब आले. सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "राऊत, तुम्ही तपासलं होतंत ना?"

लॅबमध्ये सगळे उभे होते. मी म्हटलं, "वरवर बघितलं होतं साहेब. एवढं खोलात माझं चालत नाही."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी आकड्याकडे बघतो तसं, खरं बोलतोय की थाप मारतोय. मी रेकॉर्डरची वायर गुंडाळायला लागलो.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती खुर्ची ओढून बसली. यादी गेली तर गेली, तुकडे तर जागेवर असतील, असं स्वतःशीच म्हणाली आणि दुपारपर्यंत एक छोटा प्रोग्राम लिहिला. यादीकडे न बघता पहिल्या वाटेपासून शेवटच्या वाटेपर्यंत एकेक तुकडा उचलायचा आणि त्यात काय आहे ते पडद्यावर दाखवायचं. पण त्या तुकड्यांत नुसते आकडे. रंगाचं नाव यादीत होतं, ते गेलेलं. कुठले आकडे म्हणजे कुठला रंग, हे कोण सांगणार?

दामूकाकांनी स्टूल घेतलं. तिथून पडदा त्यांना दिसत नव्हता. वैशाली आकडे मोठ्याने वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. "ह्यो नाय... थांब, थांब. मीठ परत सांग. हां! ह्यो मोरपंखी हाय. वलखतो ना मी त्येला." ती लिहून घ्यायची, पुढचा तुकडा वाचायची. दोन दिवस हे चाललं. एक रंग ओळखू आला की दोघंही हसायची. मी दाराशी उभा राहून बघत होतो आणि, लिहायला हात धजत नाही पण लिहितो, तेव्हासुद्धा मी जळत होतो. दोन वर्षं कान लावून शिट्ट्या ऐकल्या मी, पण त्या दोघांच्या शेजारी माझ्यासाठी जागा नव्हती.

सगळ्या रेसिप्या मिळाल्या. फक्त दामूकाकांच्या नव्या चार जिथे बसल्या होत्या तिथल्या जुन्या चार गेल्या. त्यातल्या दोन माझ्या कॅसेटवर निघाल्या. आणि गंमत बघा, फडके साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "राऊतांच्या कॅसेट होत्या म्हणून वाचलो!" उरलेल्या दोन फ्लॉपी आल्यानंतरच्या, त्या ना कॅसेटवर ना वहीत. दामूकाका कापडाचा तुकडा घेऊन उत्तरेच्या खिडकीशी गेले. बराच वेळ उभे राहिले. मग तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "नाय जमत. मना आता निळा न् काळा सारकाच दिसतो."

वैशाली कायम झाली नाही. आणखी सहा महिने बघू, असा शेरा पडला. तिने साहेबांपुढे माझ्या सहीचा कागद एकदाही काढला नाही. मी रोज वाट बघत होतो की आज काढेल. मुंबईला एका कॉम्प्युटरच्याच कंपनीत तिला नोकरी मिळाली आणि महिन्याभरात तिने आमचा कारखाना सोडला. बातमी ऐकून मला हायसं वाटलं. लगेच पुढचा विचार, मुंबईला! कॉम्प्युटरच्या कंपनीत! की पुन्हा जळफळाट.

शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. हातात भोकांच्या कागदाची नवी चळत होती. "दादा, प्रोग्राम सगळा नव्याने लिहिलाय. आता लिहिण्याआधी यादी परत वाचतो. दामूकाकांनी कशीही फ्लॉपी बदलली तरी चालेल."

"चांगलं केलंस," मी म्हटलं. "पण आता मला कशाला?"

"तपासायला." तिने कागद टेबलावर ठेवले, कडा सारख्या केल्या. मग हळूच म्हणाली, "आणि दादा, टिंब पडलं तर राहू द्या. पुसू नका."

ती गेली. मी माफी मागायला उठलो नाही. फाटकातून बाहेर पडणारी तिची छत्री खिडकीतून दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

पुढे मोठे कॉम्प्युटर आले, तो टीव्हीवाला भंगारात गेला. दामूकाका गेले. माझं रजिस्टर आणि कॅसेट मी निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या हाताने टाकून दिल्या. ती कागदांची चळत मात्र घरी आणली. कडा पिवळ्या पडल्यात, छपाई फिकी झालीय, बायको दर दिवाळीला विचारते, हे कधी टाकणार?

तो प्रोग्राम चालवायला आता जगात कुठे मशीन असेल असं वाटत नाही. तरी मी दर वर्षी एकदा ते कागद काढतो, चष्मा पुसतो, पेन्सिलला टोक करतो आणि पहिल्या ओळीपासून वाचत जातो. एक तरी चूक सापडावी म्हणून. अजून एकही टिंब पडलेलं नाही.